दाण्याचं तेल सुटेपर्यंत थांबा, काकू

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून आलेलं हे पत्र:

"सप्रेम नमस्कार. माझं वय 64. नातू दुसरीत आहे. त्याला रोज डब्यात चॉकलेट स्प्रेड लावलेली चपातीच लागते. साडेतीनशे ग्रॅमची बाटली तो एकटाच दहा दिवसांत संपवतो. सुनेची नोकरी, सकाळची धावपळ, त्यामुळे तिलाही काही म्हणवत नाही. मी ठरवलं की घरीच करू. शेंगदाण्याचं कूट घेतलं, गुळाचा पाक केला, त्यात कोको पावडर आणि चमचाभर तूप घातलं. गरम असताना बरं दिसत होतं. गार झाल्यावर मात्र उलथन्यानंही निघेना. नातवानं बोट लावून बघितलं आणि ताट सरकवलं. तो गोळा अजून डब्यात तसाच आहे. सून म्हणते, पुढच्या वेळी जुन्या बाटलीत भरून ठेवा, त्याला कळणारही नाही. आमच्या ह्यांना शुगर आहे, पण गुळाचं आहे म्हणून रोज तुकडा मोडून खातात. माझं कुठं चुकलं? आणि गुळाचं केलं म्हणजे ते खरंच पौष्टिक होतं का?"

काकू, नमस्कार.

सगळ्यात आधी काकांचं. आजपासून त्यांना तो तुकडा देऊ नका. गूळ ही साखरच आहे. 100 ग्रॅम साखरेतून साधारण 400 कॅलरी मिळतात, तर गुळातून 380 च्या आसपास. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण त्यानं रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. 'गुळाचं चालतं' म्हणत मधुमेही माणसं रोज गोड खातात, हे आपल्या भागात फार बघितलंय. घराघरांत गुळाची ढेप, सणाला गूळ, पाहुण्याला गूळ-पाणी, त्यामुळे गुळाला आपण औषधाच्या रांगेत नेऊन बसवलंय. मला स्वतःला गूळ फार प्रिय आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि तिथं गुळाचा व्यापार वाढला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्याचा अभिमान आहेच. पण अभिमान वेगळा आणि शुगरचा रिपोर्ट वेगळा. काकांसाठी काय करता येईल ते पुढं सांगते.

आता नातवाची बाटली. बाटलीच्या पाठीवर घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. तुमच्या घरातली बाटली फिरवून बघा, बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं आणि दुसरं पाम तेलाचं किंवा नुसतं 'वनस्पती तेल' असं दिसेल. उदाहरण म्हणून जगभर खपणाऱ्या न्यूटेलाचं लेबल घ्या. 100 ग्रॅममध्ये सुमारे 56 ग्रॅम साखर आणि 31 ग्रॅम फॅट. हेझलनट (बदामासारखा परदेशी सुकामेवा) 13 टक्के आणि कोको साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण चॉकलेट म्हणून लावतो ते निम्म्याहून जास्त साखर असते.

नातवाचा हिशेब करू. साडेतीनशे ग्रॅम दहा दिवसांत, म्हणजे दिवसाला 35 ग्रॅम. त्यातली साखर जवळजवळ 20 ग्रॅम, चहाचे चार चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1600 कॅलरी लागतात असं धरलं, तर 5 टक्के म्हणजे 20 ग्रॅम. त्याचा दिवसाचा चांगला कोटा सकाळच्या एका चपातीवरच संपला. दूध, बिस्किट, वाढदिवसाचा केक हे सगळं त्याच्या वर. महिन्याच्या तीन बाटल्या धरल्या तर जवळजवळ 600 ग्रॅम साखर होते. ही एवढी साखर परातीत ओतून घरातल्यांना एकदा दाखवा. बोलण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

तेव्हा घरी करायचं ठरवलंत हे अगदी बरोबर केलंत. चुकलं ते एकाच ठिकाणी, पाकात.

तुम्ही दाण्याच्या कुटात गरम पाक ओतलात. काकू, ही तर आपल्या दाण्याच्या वडीची कृती झाली. पाक गार झाला की कडक होणार, तो त्याचा धर्मच आहे. दुसरी गोष्ट पाण्याची. कोको आणि गुळाचे कण जोवर तेलात तरंगत असतात तोवर मिश्रण सैल आणि चकचकीत राहतं. त्यात थोडं जरी पाणी गेलं तरी कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं घट्ट गोळा होऊन बसतं. वितळवलेल्या चॉकलेटमध्ये वाफेचा एक थेंब पडला तरी ते असंच घट्ट होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हौसेनं काकवी ओतली होती. काकवी पातळ असते, म्हणजे स्प्रेडही पातळ होईल असा माझा सरळ हिशेब. मिक्सरचं पातं जागच्या जागी अडकलं, भांडं गरम झालं आणि आत लाडवाचं पीठ तयार. दोन वाट्या दाणे गेले आणि सगळी दुपार गेली. त्या दिवसापासून एक धरून ठेवलंय. स्प्रेड पातळ होतो तो दाण्याच्या स्वतःच्या तेलानं. ते तेल सुटेपर्यंत बाकी कशाचीही घाई करायची नाही.

आता कृती. दोन वाट्या भरून कच्चे शेंगदाणे घ्या, साधारण 300 ग्रॅम. भाजण्याआधी परातीत पसरून निवडायला बसा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा डाग असलेले दाणे काढून टाका. यात हयगय करू नका. दाण्याला बुरशी लागली की तिच्यातून विष तयार होतं, त्याला अफलाटॉक्सिन म्हणतात, आणि ते भाजून पूर्ण जात नाही. पावसाळ्यात घरात राहिलेल्या दाण्यांत हे हमखास बघावं लागतं. एक दाणा तोंडात टाकून बघा. खवट किंवा कडू लागला तर त्या लॉटला हातच लावू नका.

लोखंडी कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. मोठी आच ठेवली तर वरून काळे, आतून कच्चे राहतात आणि तो कच्चा वास नंतर कोकोनंही झाकत नाही. साल तडकायला लागली, आतला दाणा बदामी दिसला की उतरवा. कोमट असताना फडक्यात घेऊन चोळा, सुपात घालून पाखडा. सालं जितकी निघतील तितकी काढा. सालानं तब्येतीला काही होत नाही, पण स्प्रेड तुरट लागतो आणि नातू पुन्हा ताट सरकवेल.

सोबत मूठभर काजू घ्या, 50 ग्रॅम पुरे. नुसत्या शेंगदाण्याचा स्प्रेड चवीला थोडा 'चटणी'कडे झुकतो. काजू घातला की तो मऊ आणि सौम्य होतो. चंदगड-आजऱ्याचा काजू आपल्या जिल्ह्यातलाच आहे. तुकडा काजू घ्या, वाटायचाच आहे तर अख्ख्याचे पैसे कशाला?

आता मिक्सर. चटणीचं भांडं घ्या, आतून पूर्ण कोरडं पुसलेलं. दाणे कोमट असतानाच घाला, गार दाण्याला तेल सोडायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात कूट होईल. ते तुमच्या ओळखीचं आहे, आमटीत घालतो तसंच. इथं थांबायचं नाही. कडेचं खाली ओढा आणि पुन्हा फिरवा. तीन-चार मिनिटांनी कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटेल आणि मध्ये एक गोळा धरेल. नेमकं इथं सगळ्या जणी घाबरतात आणि पाणी किंवा दूध घालतात. घालू नका. मिक्सर बंद करा, भांड्याला हात लावून बघा, गरम असेल तर पाच मिनिटं गप्प ठेवा. मोटर जळायची नाही आणि दाणाही करपट होणार नाही. मग पुन्हा एकेक मिनिट. सातव्या-आठव्या मिनिटाला आवाज बदलतो. खडखड थांबते, जाड घरघर सुरू होते. झाकण काढलंत की दिसेल, तो गोळा मोडून पडलाय आणि त्याच्या जागी डोशाच्या पिठासारखं, चमकणारं, संथ फिरणारं वाटण आहे. चमच्यानं उचलून सोडलं तर धार पडली पाहिजे. हे झालं की जिंकलात.

काकांची वाटी इथंच बाजूला काढा, कोको आणि गूळ पडायच्या आधी. त्यात मीठ, चिमूटभर जिरेपूड, हवं तर थोडं तिखट. शाळूच्या भाकरीबरोबर छान लागतं. दिवसाला चमचाभरच, कारण दाण्यात कॅलरी भरपूर असतात. त्यांच्या जेवणात ते कुठं बसवायचं हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

उरलेल्या वाटणात 30 ग्रॅम कोको पावडर, म्हणजे पाच सपाट मोठे चमचे, चाळून घाला. कोको घेताना पाकिटावर घटक म्हणून फक्त कोको लिहिलेलं हवं. दुधात घालायची 'ड्रिंकिंग चॉकलेट' पावडर दिसायला तशीच असते, पण तिच्यात मुख्यतः साखर असते. ती वापरली तर हे सगळं करून पुन्हा बाटलीपाशीच येऊन उभे राहाल. पाव चमचा मीठ घाला. मिठानं गोडपणा उठतो, म्हणून गूळ कमी लागतो. थोडं जायफळ किसून घाला. पुरणपोळीमुळं जायफळाचा वास नातवाच्या ओळखीचा आहे आणि कोकोशी त्याचं फार छान जमतं.

गूळ शेवटी, आणि तो कोरडी पावडर म्हणूनच. ढेपेचा गूळ चांगला असला तरी तो आतून ओलसर असतो, किसून घातला तरी मिश्रण घट्ट होतं. गुळाची पावडर विकत मिळते, ती बारीक चाळून घ्या. रंगानं तांबूस-गडद घ्या. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी उसाच्या रसात हायड्रोस नावाची रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकतात, आणि आपल्याला इथं उजळ रंगाची गरजच नाही. पावसाळ्यात गुळाची पावडर हवेतलं पाणी ओढून गोळा होते. जून ते सप्टेंबर सरळ घरी दळलेली पिठीसाखर घाला. त्यात कमीपणा मानू नका. गूळ असो की साखर, नातवाच्या तब्येतीला फरक पडतो तो किती घातली याचा.

किती घालायची? पहिल्या खेपेला 120 ग्रॅम. हे ऐकून तुम्हाला जास्त वाटेल, पण मुद्दाम सांगतेय. सगळे घटक आणि दोन मोठे चमचे तेल धरून जवळपास अर्धा किलो स्प्रेड होतो (काकांची वाटी काढलीत तर त्या मानानं गूळ आणि कोको कमी करा), म्हणजे गोड 24 टक्के. बाटलीतल्या गोडाच्या निम्म्याहूनही कमी. नातवाची जीभ 56 टक्क्यांना सरावलीय. तिला एकदम 14 टक्क्यांवर आणलंत तर ती बंड करणार आणि दोष तुमच्या हाताला येणार. दुसऱ्या खेपेला 100, तिसऱ्या खेपेला 80. एक खेप साधारण तीन आठवडे पुरते, तेवढ्यात जीभ वळते. मोठ्यांनी चहातली साखर कमी केली की पंधरा दिवसांत जुना चहा पाकासारखा लागतो, तसंच हे.

तेल कुठलं? घाण्याचं शेंगतेल मिळत असेल तर तेच. दाण्यातच दाण्याचं तेल, चव बदलत नाही. खोबरेल घातलं तर थंडीत घट्ट होतं, कारण ते 24-25 अंशांखाली गोठतं. तूप वासाला भारी, पण तेही गोठतं, आणि तुमचा गोळा घट्ट व्हायला त्या चमचाभर तुपानंही थोडा हात लावला असणार. सगळं घातल्यावर मिनिटभरच फिरवा. तरीही घट्ट वाटलं तर आणखी चमचाभर तेल, पाणी नाहीच.

कोरड्या काचेच्या बरणीत भरा, चमचाही कोरडा. पाणी नसल्यामुळं ओट्यावरच्या कपाटात तीन आठवडे सहज टिकतो. एप्रिल-मेमध्ये फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी वर तेल तरंगलेलं दिसेल, तो दोष नाही, ढवळून घ्या. बाटलीतल्या स्प्रेडला तेल सुटत नाही, कारण पाम तेल आपल्या हवेत अर्धवट घट्ट राहतं आणि शिवाय त्यात लेसिथिनसारखा घटक असतो, तो सगळं धरून ठेवतो. कोणी खजूर घालायला सांगेल. खजूर चांगलाच, त्यात तंतू असतात, पण तो ओला आहे. तसा स्प्रेड फ्रीजमध्ये ठेवून पाच-सहा दिवसांत संपवावा लागतो. रोजच्या डब्यासाठी मला तो सोयीचा वाटत नाही.

एक गैरसमज मात्र नको. घरच्या स्प्रेडमध्ये कॅलरी फारशा कमी नसतात. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. फायदा असा की साखरेच्या जागी दाण्याची प्रथिनं पोटात जातात, भूक लांबते, आणि ते तेलही बहुतेक चांगल्या जातीचं असतं. म्हणून मोजून लावा. एका चपातीला एक मोठा चमचा, 20 ग्रॅम, बास. पहिल्या खेपेचा असला तरी गोड पाच ग्रॅमच्या आत. आधीच्या 20 च्या जागी पाच. चपाती कोमट असताना लावा, थोडा वितळून पसरतो आणि कमीत भागतं.

बाहेरच्या देशातला पदार्थ आपण दाण्यात करतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उत्तर इटलीत कोको महाग आणि दुर्मिळ झाला तेव्हा तिथल्या मिठाईवाल्यांनी आसपास पिकणारे हेझलनट वाटून त्यात मिसळले. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 च्या सुमारास आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो यांनी हेच केलं आणि त्यातूनच पुढं 1964 मध्ये न्यूटेला आलं. त्यांच्या रानात हेझलनट होतं, आपल्या रानात शेंग आहे. महागडं हेझलनट आणून ते पोटाशी धरण्यात अर्थ नाही.

आता सूनबाईंची सूचना. जुन्या बाटलीत भरून देऊ नका, काकू. तिचा हेतू वाईट नाही, सकाळी सात वाजता मूल रडत असेल तर माणूस कुठलाही मार्ग शोधतो. पण दुसरीतल्या मुलाची जीभ फार तिखट असते, पहिल्या घासाला त्याला कळेल. मग आजीच्या हातचं पुढचं प्रत्येक ताट तो हुंगून बघेल. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मुलं डबे वाटून खातात. वर्गातल्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते, आणि ती कधी कधी जिवावर बेतते. डब्यात शेंगदाणा आहे हे नातवाला माहीत हवं, म्हणजे तो सांगू शकेल. सूनबाईंना सांगा, एकदा वर्गशिक्षिकेलाही विचारून घ्या.

त्याऐवजी रविवारी त्याला ओट्यापाशी स्टुलावर बसवा. दाणे निवडायला द्या, काळा दाणा शोधणं मुलांना खेळासारखं वाटतं. पाखडताना सालं उडू द्या. गोळा मोडून धार पडायला लागते तो क्षण त्याला दाखवा, झाकण त्यालाच काढू द्या (मिक्सरचं बटण तुमच्या हातात, आणि पातं पूर्ण थांबल्यावरच). गूळ घालताना चव त्याला विचारा. बरणीवर त्याचं नाव लिहा. आणि हे काम सूनबाईंनाही करू द्या, रविवारी अर्ध्या तासाचं आहे. सकाळच्या धावपळीत त्यांना फक्त चमचा बुडवायचा असेल तर त्या नक्की तुमच्या बाजूला येतील.

घरात धाकटं मूल असेल तर वर्षाच्या आत गोड काही नको, अगदी मधसुद्धा नको, आणि दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ न दिलेलाच बरा. त्या वयाच्या मुलाला दाणा पहिल्यांदा देताना डॉक्टरांना विचारून द्या, आणि चमच्यानं जाड गोळा भरवू नका, घशात अडकतो. चपातीवर पातळ थर लावून द्या.

डब्यातला तो गोळा फेकला नसेलच, आपल्या हातून फेकवत नाही. खवट वास येत नसेल आणि वर बुरशी धरली नसेल तर लिंबाएवढा तुकडा घ्या, कपभर गरम दुधात टाका, पाच मिनिटं भिजू द्या आणि मिक्सरमध्ये एकदा फिरवा. दूध आधीच गोड होतं, वर साखर नको. संध्याकाळी खेळून आल्यावर नातवाला द्या आणि लगेच संपवायला सांगा. उरवून ठेवू नका. काकांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर डबा ठेवा.